बाळाची कावीळ वाढली की रक्त बदलतात म्हणजे काय करतात?

फोंड्यातली आमची लॅब छोटीच आहे, पण बाळाचं बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) तपासायला बरेच लोक येतात आणि रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न असतो, आता रक्त बदलावं लागेल काय? म्हणून हे पत्रक.

कावीळ बऱ्याच बाळांना होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड पिवळं दिसतं आणि अंगावरचं दूध नीट मिळालं की आठवडा-दोन आठवड्यांत जाते. पण जन्मल्यापासून २४ तासांच्या आतच बाळ पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा पायांपर्यंत, तळव्यांपर्यंत उतरला, तर सटी होऊ दे मग बघू, कोवळ्या उन्हात धरू, असं घरात कुणीही म्हणालं तरी थांबू नका प्लीज. आणि बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही उठत नसेल, चिरक्या आवाजात रडत असेल, पाठ मागे ताणत असेल, तर आमच्याकडे येऊच नका, १०८ ला फोन करा आणि सरळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जा, टेस्ट तिकडेच होईल. बिलिरुबिन फार वाढलं की मेंदूत शिरतं, मग बहिरेपणा किंवा हातापायांवर ताबा नसणं हे जन्मभराचं होऊन बसतं.

बहुतेक बाळांचं काम निळ्या लाइटखाली, म्हणजे फोटोथेरपीनेच होतं. मुख्यतः लाइटनेही आकडा उतरत नसेल तेव्हा रक्त बदलतात, ते एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच होतं. पूर्ण दिवसांच्या ठणठणीत बाळाला ही वेळ साधारण २५ मिलिग्रॅमच्या आसपास येते, लवकर जन्मलेल्या किंवा रक्त फुटत (म्हणजे लाल पेशी तुटत) असलेल्या बाळाला त्याच्या बरीच आधी, म्हणून शेजारच्या बाळाच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघू नका.

३ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम २५० मिली. त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ५०० मिली रक्त लागतं, पण सगळं एकदम काढत नाहीत हं, बेंबीच्या शिरेत बारीक नळी घालून ५ ते २० मिली काढायचं, तेवढंच कोमट केलेलं ताजं रक्त आत सोडायचं, परत काढायचं, असं तास-दोन तास चालतं, आणि किती काढलं किती घातलं याची बाजूला नोंद चालूच असते. शेवटी बाळाचं ८५ टक्क्यांच्या आसपास रक्त बदललेलं असतं, बिलिरुबिन निम्म्यावर येतं. नंतर ते थोडं परत चढतं कारण अंगात मुरलेलं बाहेर येतं, त्यामुळे लाइट चालूच ठेवतात, घाबरू नका. कॅल्शियम, प्लेटलेट उतरणं, इन्फेक्शन असे धोके आहेत, म्हणूनच उगाच कुणी हे करत नाही.

रक्त फुटण्याचं मोठं कारण म्हणजे आईचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह. आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि सहसा पुढच्या बाळाला त्रास देतात. २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घेतलं तर हे बहुतेक टळतं, गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारून घ्याच. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर पहिल्या बाळालाही कावीळ वाढू शकते, पण ती बहुधा सौम्य असते. अजून एक, आपल्याकडे पावसात कपड्यांना बुरशी धरते म्हणून ट्रंकेत डांबरगोळ्या टाकतात, आणि तीच जुनी झबली-दुपटी काढून नव्या बाळाला घालतात. जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या बाळाचं रक्त त्या वासानेही फुटू शकतं, तेव्हा ट्रंकेत गोळ्याच नकोत.

मोठ्या माणसांतही रक्त बदलतात, मुख्यतः सिकल सेलमध्ये (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार), स्ट्रोक आला किंवा छातीत गंभीर त्रास झाला की. तिथे मशीन लाल पेशी काढून दात्याच्या पेशी घालतं, सिकलचं प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आणायचं असतं. गंभीर मलेरियात पूर्वी करायचे, आता आर्टेसुनेट इंजेक्शन असल्यामुळे सहसा करत नाहीत.

आमच्याकडे बिलिरुबिन, ब्लड ग्रुप आणि कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी) होते. येताना आईच्या ग्रुपचा कागद आणा. बाळाची नळी आम्ही काळ्या कागदात गुंडाळतो, कारण उजेडात बिलिरुबिन कमी होतं आणि रिपोर्ट खोटा कमी येतो, घरून सॅम्पल पाठवलंत तर तसंच झाकून पाठवा. आकडा जास्त आला तर नुसता व्हॉट्सॲपवर टाकत नाही, लगेच फोन करतो, रात्र असली तरी, म्हणून दिलेला नंबर चालू ठेवा.