पोलीस महासंचालक व्हायचंय, अर्ज कुठे करायचा?

कुठेच नाही. राज्याच्या पोलीस महासंचालकपदाची जाहिरात निघत नाही, त्यासाठी फॉर्मही नसतो. जो काही अर्ज भरायचा तो विशी-पंचविशीत, यूपीएससीच्या (केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या) नागरी सेवा परीक्षेचा; त्यातूनच आयपीएस, म्हणजे भारतीय पोलीस सेवेत जाता येतं. आणि त्यातला एक रकाना पुढे तीसेक वर्षं पिच्छा सोडत नाही: जन्मतारीख.

परीक्षेच्या वर्षी 1 ऑगस्टला वय 21 ते 32 हवं. ओबीसींना 35, एससी-एसटींना 37 पर्यंत. कोणत्याही शाखेची पदवी चालते, शेवटच्या वर्षाला असाल तरी पूर्व परीक्षा देता येते. खुल्या गटाला 6 प्रयत्न, ओबीसींना 9. फी 100 रुपये, महिला, एससी, एसटी आणि दिव्यांगांना माफ. आयपीएससाठी उंची पुरुषांना 165 सेंमी, महिलांना 150. एसटी उमेदवारांना दोन्हींत 5 सेंमी सूट.

आता जरा बोटांवर मोजा. आयपीएसची निवृत्ती साठीला. महासंचालकपदासाठी मोठ्या राज्यांत साधारण 30 वर्षांची सेवा धरतात. बत्तिसाव्या वर्षी रुजू झालात तर 28 वर्षंच हाती राहतात. राज्यसेवेतून उपअधीक्षक होऊन बढतीने आयपीएस मिळतं हे खरं, पण तिथवर पोचता पोचता निम्मी नोकरी सरलेली असते.

कागदपत्रांत दहावीचं सर्टिफिकेट सगळ्यात महत्त्वाचं. आयोग त्यावरचीच जन्मतारीख धरतो, नंतर बदलून देत नाही. त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा; वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे गायब, हा घोळ घरोघरी असतो. फोटो, सही, ओळखपत्र लागतंच. आपल्याकडची मुलं हमखास अडकतात ती जातीच्या दाखल्यात. एमपीएससीला चाललेलं ओबीसींचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र इथे चालत नाही. सेतू केंद्रात 'केंद्र सरकारच्या नमुन्यातलं पाहिजे' असं ठणकावून सांगा आणि हातात पडल्यावर मथळा वाचूनच बाहेर पडा. एसईबीसी (मराठा) आरक्षणही फक्त राज्यापुरतं. केंद्रात ते नाही, निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला काढा.

पास झालात, केडर (नेमणुकीचं राज्य) मिळालं, हैदराबादच्या अकादमीतून बाहेर पडलात की सहायक अधीक्षक, अधीक्षक, उपमहानिरीक्षक, महानिरीक्षक, अपर महासंचालक अशी चढण. शेवटच्या पायरीला मात्र तुम्ही काही भरायचं नाही. पद रिकामं होण्याच्या किमान तीन महिने आधी राज्य सरकार पात्र अधिकाऱ्यांची यादी यूपीएससीकडे पाठवतं. यूपीएससीची समिती सेवाज्येष्ठता आणि सेवेची नोंद बघून तीन नावं काढते, त्यातलं एक राज्य निवडतं. तीन नावांची ही रीत सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालाने घातली, किमान दोन वर्षांचा कार्यकाळही त्यातलाच. पद रिकामं होईल त्या दिवशी निवृत्तीला निदान सहा महिने उरलेले हवेत, ही अट 2019 मध्ये स्पष्ट झाली.

रीत पाळली नाही की काय होतं तेही महाराष्ट्राने पाहिलंय. 2021 मध्ये संजय पांडे यांच्याकडे पदाचा अतिरिक्त कार्यभार दिला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये रजनीश सेठ यांची पूर्णवेळ नेमणूक झाली. उलट रश्मी शुक्ला जानेवारी 2024 मध्ये राज्याच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या, तेव्हा त्यांची साठी जूनवर आली होती. दोन वर्षांच्या नियमामुळे कार्यकाळ ठरला जानेवारी 2026 पर्यंत. जन्मतारीख दोन-चार महिने आधीची असती, तर त्यांचं नाव यादीतही आलं नसतं.