अ‍ॅझिथ्रो की अमॉक्सी? दोन्ही अँटिबायोटिक, पण एकमेकींच्या बदली नाहीत

घसा धरला की मेडिकलमध्ये जाऊन "अ‍ॅझी ५०० द्या" म्हणणारे, म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन मागणारे, घराघरात आहेत, कारण काय तर रोज एक, तीन दिवसांत काम खल्लास. अमॉक्सिसिलिन दिवसातून दोन-तीनदा घ्यायची, तीही जास्त दिवस, म्हणून ती जुनाट वाटते. मला या समजुतीची खरंच भीती वाटते.

मुळात बहुतेक घसादुखी व्हायरसची असते, तिथे दोन्ही गोळ्या फुकट. स्ट्रेप बॅक्टेरिया निघालाच तर पहिली पसंती पेनिसिलिन किंवा अमॉक्सीच. ती बॅक्टेरियाची भिंत बांधू देत नाही, आणि इतकी वर्षं वापरूनही स्ट्रेप तिला अजून दाद देतो. अ‍ॅझिथ्रो बॅक्टेरियाचं प्रोटीन बनणं थांबवते, पण तिला न जुमानणारे स्ट्रेप जगभर सापडतात.

आता ते तीन दिवसांचं बघा. अमॉक्सी रक्तात निम्मी व्हायला साधारण १ तास लागतो, अ‍ॅझिथ्रोला जवळपास ६८ तास, म्हणून रोज एक पुरते. पण त्यामुळेच कोर्स संपल्यावरही ती कितीतरी दिवस थोडी थोडी अंगात राहते, तेवढ्याने घशातले-आतड्यातले कच्चे बॅक्टेरिया मरतात आणि रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारे, असतात त्यांना मोकळं रान मिळतं. डब्ल्यूएचओने २०१७ साली अँटिबायोटिक्सचे गट पाडले त्यात अमॉक्सी 'अ‍ॅक्सेस'मध्ये आहे, म्हणजे आधी वापरायच्या औषधांत, आणि अ‍ॅझिथ्रो 'वॉच'मध्ये, म्हणजे जपून वापरायच्या औषधांत.

जपायची कशासाठी, तर टायफॉइडसाठी. आपल्याकडे सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) ही अँटिबायोटिक त्याच्यावर बऱ्याचदा चालत नाही. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून जो टायफॉइड पसरला त्याला इंजेक्शनातून द्यायची सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसुद्धा लागू पडेना, तोंडाने घ्यायची म्हणून भरवशाची अ‍ॅझिथ्रोच उरली. तीही हातची गेली तर अशा पेशंटला अ‍ॅडमिट करून शिरेतून महागडी इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि ते किती घरांना परवडणार?

अ‍ॅझिथ्रो वाईट नाहीच. मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियात ती चालते, कारण त्या जंतूला भिंतच नसते, अमॉक्सी तिथे काय करणार! पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असेल तरी डॉक्टर ती देऊ शकतात. पण "लहानपणी पुरळ आलं होतं" एवढंच म्हणून सोडू नका, तेव्हा नेमकं काय झालं होतं ते डॉक्टरांना नीट सांगा, कारण अशी अ‍ॅलर्जी आहे म्हणणाऱ्या बहुतेकांना तपासणीत ती निघत नाही.