सायकल व वृत्तपत्रे

सायकल व वृत्तपत्रे : शहरी सायकल वापर, सायकलस्वार आणि सायकलभोवती वाढलेली संस्कृती यांचे दैनिक वृत्तपत्रांतून होणारे वृत्तांकन. अपघाताच्या बातम्या, सायकलमार्गांवरील वाद, अग्रलेख, वाचकांची पत्रे, छायाचित्रे व शर्यतींचे वृत्तांत असा सर्व मजकूर या विषयात मोडतो. केवळ सायकलला वाहिलेली नियतकालिके हा वेगळा विषय आहे. मात्र एकोणिसाव्या शतकात दोहोंची सरमिसळ असल्याने त्यांचा जरूर तेवढा निर्देश येथे केला आहे.

एकाच वृत्तपत्राच्या दोन पानांवर सायकलवरच्या माणसाची दोन रूपे दिसतात. क्रीडा पानावर तो सायकलपटू असतो; त्याला नाव, गाव, वय आणि दुखऱ्या गुडघ्याचा इतिहासही असतो. शहर पानावर तो सायकलस्वार होतो आणि बहुधा अपघातात सापडल्यावरच तेथे येतो. (मराठी बातम्यांत तर ‘दुचाकी’ हा शब्दही मोटारसायकलने त्याच्याकडून काढून घेतला आहे.) या विषयावरील बरेचसे लेखन यांपैकी एकाच पानाकडे पाहून झालेले आहे.

पहिली बातमी व तिच्याविषयीचा वाद : कार्ल फोन ड्राइस याने जून १८१७ मध्ये मानहाइम येथे चालवलेले दुचाकी यंत्र जमिनीवर पाय रेटून पुढे ढकलावे लागे. पाय जमिनीला न लावता चालणारी पहिली सायकल कोणाची, या प्रश्नाचे एक उत्तर वृत्तपत्रातील एका छोट्या बातमीवर उभे आहे आणि ती बातमी अपघाताची आहे. जून १८४२ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या वृत्तपत्रांत आलेल्या या वृत्तानुसार, डम्फ्रीसशर परगण्यातील थॉर्नहिलहून आलेल्या एका गृहस्थाने गॉर्बल्स भागात पदपथावरून ‘व्हेलॉसिपीड’ (सायकलसारख्या आद्य यंत्राचे तत्कालीन नाव) चालवले, बघ्यांच्या गर्दीत एका लहान मुलाला त्याचा धक्का लागून ते पडले आणि न्यायाधीशाने गृहस्थाला पाच शिलिंग दंड केला. बातमीत स्वाराचे नाव नाही. हे यंत्र रेल्वेची जागा घेणार नाही, असा शेराही बातमीदाराने मारला आहे.

सुमारे पन्नास वर्षांनी, १८९० च्या दशकात, जेम्स जॉन्स्टन या ग्लासगोच्या सायकलप्रेमी व्यापाऱ्याने हा गृहस्थ म्हणजे त्याच परगण्यातील कीर मिल येथील लोहार कर्कपॅट्रिक मॅकमिलन होय, असे प्रतिपादन केले. मॅकमिलन त्याचा नातेवाईक होता. शोधाचा मान आपल्या परगण्याकडे यावा, हा हेतूही जॉन्स्टनने लपवला नाही. त्याच्या खटपटीमुळे मॅकमिलनचे यंत्र १८३९ च्या सुमाराचे ठरवले गेले आणि तोवर गॅव्हिन डॅल्झेल या दुसऱ्या स्कॉटिश कारागिराकडे असलेला मान मॅकमिलनकडे गेला. पुढील संदर्भग्रंथांनी हे वर्ष उचलले व आजही अनेक ठिकाणी ते निःशंकपणे छापले जाते.

या मताविरुद्धचे दोन आक्षेप बातमीच्या मजकुरातूनच निघतात. पहिला, त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्राने एका लोहाराला ‘जंटलमन’ म्हटले असण्याची शक्यता कमी वाटते. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. यंत्राची चाके हाताने, दांड्याच्या साहाय्याने फिरवली जात असल्याचे बातमीत म्हटले आहे. मॅकमिलनच्या मानल्या जाणाऱ्या यंत्रात मात्र पायाने पुढेमागे हलवायच्या दांड्या होत्या. शिवाय यंत्राला चाके किती, हे बातमीवरून उलगडत नाही. ती तीन किंवा चारही असू शकतील. बातमीदाराची नजर चुकली असेल, असा युक्तिवाद मॅकमिलनचे समर्थक करतात आणि घाईत लिहिलेल्या न्यायालयीन बातमीबाबत तो अगदीच टाकाऊ नाही. तथापि एकाच बातमीतील धक्का, दंड व परगणा विश्वसनीय धरायचे आणि यंत्राचे वर्णन तेवढे चुकीचे मानायचे, ही पद्धत अडचणीची आहे. अलीकडील अभ्यासकांचा कल मॅकमिलनचा दावा असिद्ध मानण्याकडे असून पायडलयुक्त सायकलचा सलग व कागदोपत्री इतिहास ते १८६० च्या दशकातील पॅरिसपासून सुरू करतात. तेथेही प्येर मिशो व प्येर लालमाँ यांच्यात श्रेयाचा तंटा आहेच. लालमाँचे अमेरिकन पेटंट नोव्हेंबर १८६६ चे आहे.

शोधाच्या प्रश्नाचा निकाल काहीही लागो, पदपथावर घुसलेला बेपर्वा स्वार, धक्का लागलेले मूल आणि हे वाहन टिकणार नाही असा शेरा हा साचा १८४२ मध्येच तयार होता. पुढील पावणेदोनशे वर्षांत तो फारसा बदलला नाही.

स्त्रिया, वेग व ‘सायकल चेहरा’ : सारख्या आकाराची चाके व हवा भरलेल्या धावा असलेली सुरक्षित सायकल आल्यावर १८९० च्या दशकात युरोप व अमेरिकेत सायकलची लाट आली. बेफाम वेगाने जाणाऱ्यांसाठी अमेरिकन वृत्तपत्रांनी ‘स्कॉर्चर’ हा शब्द रूढ केला. सायकल चालवून चेहरा कायमचा ताणलेला राहतो, अशी ‘सायकल चेहरा’ नावाची व्याधीही छापून येई व तिचा धाक मुख्यतः स्त्रियांना घातला जाई. उलट बाजूची सर्वांत प्रसिद्ध नोंदही वृत्तपत्रातलीच आहे. २ फेब्रुवारी १८९६ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मधील नेली ब्लाय या पत्रकार स्त्रीला दिलेल्या मुलाखतीत स्त्रियांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या सुझन बी. अँथनी यांनी स्त्रियांच्या मुक्तीला सायकलइतका हातभार दुसऱ्या कशानेही लावला नाही, असे मत मांडले. १८९४–९५ मध्ये सायकल घेऊन जगप्रवास केलेल्या अ‍ॅनी लंडनडेरी हिने गावोगावच्या वृत्तपत्रांना आपली वेगवेगळी चरित्रे सांगितली आणि त्यांनी ती छापली. त्यामुळे तिच्या प्रवासाचा तपशील ठरवताना समकालीन बातम्या जपूनच वापराव्या लागतात.

वृत्तपत्रांच्या मालकीच्या शर्यती : फ्रान्समध्ये वृत्तपत्रे सायकलच्या बातम्या देत असतानाच त्या घडवूही लागली. ‘ल व्हेलॉसिपेद इल्युस्त्रे’ हे नियतकालिक नोव्हेंबर १८६९ च्या पॅरिस–रूआँ शर्यतीच्या आयोजकांत होते. १८९१ मध्ये ‘ल पेती जूर्नाल’ या बड्या दैनिकाने प्येर जिफार याच्या कल्पनेतून पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सुमारे १,२०० किमी.ची शर्यत घेतली. ती शार्ल तेराँने सुमारे ७१ तासांत जिंकली. जिफार पुढे हिरव्या कागदावर छापल्या जाणाऱ्या ‘ल व्हेलो’ या दैनिकाचा संपादक झाला. द्रेफ्यूस प्रकरणात (ज्यू लष्करी अधिकारी द्रेफ्यूस याच्यावरील हेरगिरीच्या खोट्या आरोपाने फ्रान्समध्ये उठलेला वाद) त्याने घेतलेल्या भूमिकेमुळे मोटार उत्पादक काउंट द दियाँ व इतर जाहिरातदार उद्योजक बिथरले आणि त्यांनी १९०० मध्ये ‘लोतो-व्हेलो’ हे प्रतिस्पर्धी पत्र काढले. नावाच्या साधर्म्यावरून दावा हरल्यामुळे १९०३ च्या आरंभी त्याला ‘व्हेलो’ गाळून नुसते ‘लोतो’ व्हावे लागले. सायकलचे वाचक हातचे जाऊ नयेत म्हणून संपादक आंरी देग्रांज याने झेओ लफेव्हर या तरुण सहकाऱ्याची सूचना उचलली. अशा रीतीने १ ते १९ जुलै १९०३ या काळात सहा टप्प्यांची, २,४२८ किमी.ची पहिली तूर द फ्रान्स झाली. साठ स्पर्धकांपैकी २१ जणांनी ती पूर्ण केली व मोरिस गारँ जिंकला. ‘लोतो’चा खप सुमारे २५,००० वरून ६५,००० वर गेला, ‘ल व्हेलो’ १९०४ मध्ये बंद पडले.

इटलीतील जिरो ही शर्यत (१९०९) ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने, फ्लँडर्सची शर्यत (१९१३) ‘स्पोर्टवेरेल्ड’ने व स्पेनमधील व्हुएल्ता (१९३५) ‘इन्फॉर्मासियोनेस’ने सुरू केली. जिरोतील आघाडीच्या स्पर्धकाचा गुलाबी अंगरखा ‘गाझेत्ता’च्या गुलाबी कागदावरून आला, याबद्दल दुमत नाही. तूरच्या पिवळ्या अंगरख्याचे तसे नाही. तो १९ जुलै १९१९ रोजी ग्रनोब्लहून निघताना अजॅन क्रिस्तॉफ याने प्रथम घातला, ही रूढ नोंद. आपण १९१३ मध्येच तो वापरल्याचे फिलिप तिस याने उतारवयात सांगितले, पण त्याला समकालीन वृत्तांताचा आधार मिळत नसल्याने १९१९ हेच वर्ष ग्राह्य धरणे बरे. ‘लोतो’च्या पिवळ्या कागदामुळे रंग ठरला हे मत अधिक प्रचलित आहे, सर्वमान्य नव्हे. पुरवठादाराकडे तेवढाच रंग शिल्लक होता, ही दुसरी कथा रंजक खरी.

आयोजक व वार्ताहर एकच असल्याने शर्यतीवरील टीका बाहेरून यावी लागली. १९२४ मध्ये तूर मध्येच सोडून दिलेल्या पेलिसिए बंधू या सायकलपटूंची व्यथा आल्बेर लाँद्रने ‘ल पेती पारिझियाँ’मध्ये मांडली, लाँद्र क्रीडा वार्ताहर नव्हता.

मोटारयुग : दोन महायुद्धांदरम्यान व नंतर अनेक देशांत कामगार सायकलनेच कामावर जात. त्यांचे जाणेयेणे ही बातमी नव्हती, म्हणून वृत्तपत्रांच्या दप्तरात त्याचा माग क्षीण आहे. मोटारीच्या जाहिराती व मोटार पुरवणी मात्र नियमित झाली.

या काळातील ठळक अपवाद नेदर्लंड्सचा. १९७१ मध्ये तेथे चारशेहून अधिक मुले रस्त्यांवर मरण पावली. त्यांत ‘डे टाइड’ या दैनिकाचा पत्रकार व्हिक लांगेनहॉफ याची सहा वर्षांची मुलगी होती. सप्टेंबर १९७२ मध्ये त्याने ‘बालहत्या थांबवा’ या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला आणि त्याच नावाची पालकांची चळवळ उभी राहिली. डच सायकलमार्गांचे श्रेय लोकप्रिय लेखनात कधी या चळवळीला, तर कधी १९७३ च्या तेलटंचाईला दिले जाते. सायकल वापराची जुनी सवय तेथे टिकून होती, हे ध्यानात घेता कोणतेही एकच कारण पुरेसे वाटत नाही. शीर्षकातील शब्दाचे वजन मात्र नाकारता येत नाही. तोवर ज्याला ‘अपघात’ म्हणत, त्याला ‘हत्या’ म्हटले गेले.

बातमीचे व्याकरण : अलीकडील संशोधनाचा मुख्य रोख वाक्यरचनेवर आहे. मराठीत हा मुद्दा ‘धडक देणे’ व ‘धडक बसणे’ या जोडीने चटकन कळतो. ‘सायकलस्वाराला मोटारीची धडक बसली’ या वाक्यात चालक कोठेच नाही. ‘भरधाव मोटारीने चिरडले’ या जोरकस वाक्यातही कर्ता मोटारच आहे. ‘सायकलस्वाराने मोटारीला धडक दिली’ असे लिहिताना मात्र माणूस सहज कर्ता होतो. स्वाराने हेल्मेट घातले होते की नाही, ही ओळ चाकाखाली पाय गेल्याच्या बातमीतही येते आणि तेथे ती निरर्थक असते.

२०१९ मध्ये अमेरिकेतील केल्सी राल्फ व सहकाऱ्यांनी पादचारी व सायकलस्वारांच्या अपघातांवरील २०० स्थानिक बातम्या तपासल्या. दोष सुटा व वैयक्तिक दिसावा, रस्त्याची रचना नजरेआड राहावी, अशी मांडणी त्यांना वारंवार आढळली. त्याच गटाने ९९९ जणांना पादचाऱ्याच्या अपघाताची एकच घटना तीन प्रकारे लिहून वाचायला दिली. चालकाला कर्ता केलेल्या मजकुराने पादचाऱ्याला दिलेला दोष घटला. व्यापक पार्श्वभूमी जोडलेल्या मजकुरामुळे रस्तासुधारणेला पाठिंबा वाढला. ‘अपघात’ या शब्दाबद्दलची शंका याहून जुनी आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तो २००१ मध्येच वर्ज्य ठरवला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने २०१६ मध्ये, निष्काळजीपणाचा आरोप असेल तेथे तो टाळावा, असे सुचवले. ब्रिटनमध्ये २०२१ साली वेस्टमिन्स्टर विद्यापीठातून दहा कलमी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. ती ऐच्छिक आहेत.

किती बातम्या येतात, हाही प्रश्न आहे. लंडनमध्ये १९९२ ते २०१२ या काळात सायकलफेऱ्या दुप्पट झाल्या. तेथील ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ने १९९२–९४ मध्ये सायकलस्वारांच्या ६ टक्के मृत्यूंची दखल घेतली होती, २०१०–१२ मध्ये ७५ टक्के. मोटारसायकलस्वारांबाबत हे प्रमाण ४ व ५ टक्के, म्हणजे जवळपास होते तिथेच राहिले. सायकल ही शहराची चर्चा झाली म्हणून बातम्या वाढल्या आणि बातम्यांमुळे सायकल प्रत्यक्षाहून धोकादायक भासली, असा दुहेरी परिणाम अभ्यासक सुचवतात. त्याच बातम्यांतून सुधारणेचा दबावही येतो. आपली एक वार्ताहर कार्यालयाजवळ मालट्रकखाली गंभीर जखमी झाल्यावर ‘द टाइम्स’ने फेब्रुवारी २०१२ मध्ये आठ कलमी मोहीम उघडली व त्याच महिन्यात संसदेत चर्चा झाली.

मार्गांचे वाद : नव्या सायकलमार्गाची बातमी ‘मोटारचालक विरुद्ध सायकलस्वार’ अशी रंगवण्याची प्रथा आहे, जणू एकच माणूस दोन्ही असू शकत नाही. न्यूयॉर्कमधील प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट या रस्त्यावरील सायकलमार्गावरून २०१०–११ मध्ये असाच गदारोळ होऊन न्यायालयात दावाही लागला आणि या प्रकारच्या विरोधाला इंग्रजीत ‘बाइकलॅश’ हे नाव चिकटले. २०१७ नंतर चिनी शहरांतील भाडोत्री सायकलींच्या ढिगाऱ्यांची हवाई छायाचित्रे जगभर छापली गेली. त्या सायकली वापरणाऱ्यांची छायाचित्रे त्यामानाने थोडी.

कामासाठी सायकल चालवणारा या साऱ्या वृत्तांकनात क्वचितच दिसतो, मग तो खुद्द वृत्तपत्रांचे गठ्ठे वाहणारा असला तरी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये या वाहकांच्या, सायकलवर गठ्ठे लादून, शर्यती होत. तेव्हा त्यांची नावे क्रीडा पानावर येत असत.