उलटीचं औषध, अरगट आणि हाताची थरथर

पुण्यात पार्किन्सन्स या थरथर आणि ताठरपणा आणणाऱ्या मेंदूच्या आजाराचे शुभार्थी, म्हणजे रुग्ण, एकत्र जमले की लेव्होडोपा या गोळीचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. तिच्या जोडीला डॉक्टर पुष्कळदा प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल देतात, त्यांची चौकशी मात्र फारसं कोणी करत नाही. लेव्होडोपाचं मेंदूत गेल्यावर डोपामिन होतं, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. या दुसऱ्या गोळ्या डोपामिन बनवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पेशींवर डोपामिन जिथे जाऊन बसतं, तिथे त्या स्वतःच जाऊन बसतात.

या कुळातलं सर्वांत जुनं औषध अपोमॉर्फिन. 1869 साली मॅथिसन आणि राइट यांनी मॉर्फिन हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापवून ते मिळवलं. टोचलं की भडभडून उलटी होई, आणि विषबाधेत तेवढ्यासाठीच ते वापरत. 1951 मध्ये श्वाब यांनी ते पार्किन्सन्सच्या रुग्णांना दिलं, तेव्हा ताठरपणा आणि थरथर कमी झाली. का झाली, हे सांगायला मात्र डोपामिनचं काम कोणालाच ठाऊक नव्हतं. मेंदूतलं डोपामिनचं काम दाखवणारे कार्लसन यांचे प्रयोग 1957 चे, आणि पार्किन्सन्सच्या मेंदूत डोपामिन कमी असतं हे होर्निकीविक्झ यांनी दाखवलं 1960 मध्ये. गुण आधी आला, कारण मागाहून.

या कुळाकडे जाणारी दुसरी वाट बुरशीतून आली. बाजरीच्या कणसावरचा अरगट आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. पेरणीआधी मिठाच्या पाण्यात बियाणं बुडवून तरंगणारे दाणे तो काढून टाकतो. युरोपात याच्या भावंडानं राय धान्य नासवलं, माणसांची बोटं झडली. हाच अरगट दूधही आटवतो. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत फ्ल्यूकिगर आणि सहकाऱ्यांनी त्यातूनच 1960 च्या दशकात ब्रोमोक्रिप्टिन घडवलं. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढून बाळंतपणाशिवाय दूध येणं, पाळी थांबणं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ या तक्रारींवर ते चाललं, आणि 1974 मध्ये पार्किन्सन्समध्येही. आज प्रोलॅक्टिनसाठी बहुधा कॅबरगोलिन लिहून देतात, कारण ती आठवड्यातून एकदा-दोनदा घेतली तरी पुरते. अमेरिकेत 2009 पासून ब्रोमोक्रिप्टिनची एक तयारी टाइप 2 मधुमेहालाही मान्य आहे. एका रसायनाची इतकी घरं असतील असं मला तरी वाटलं नव्हतं.

अरगटाच्या कुळातल्या पेर्गोलाइडनं हृदयाच्या झडपा जाड होतात हे पुढे आलं, आणि 2007 मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं गेलं. तोवर, 1997 पासून, अरगटाशी नातं नसलेल्या रोपिनिरोल आणि प्रॅमिपेक्सोल तिथे मिळू लागल्या होत्या. पाय अस्वस्थ होऊन रात्री झोप न लागणं, या त्रासातही त्या देतात.

या गोळ्यांचा एक दुष्परिणाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मळमळ, झोपेची गुंगी, भास यांबद्दल घरचे डॉक्टरांना सांगतात. पण 2000 नंतर लक्षात आलं, की काही जणांना जुगार, बेसुमार खरेदी, खाणं किंवा कामेच्छा आवरत नाही. आजवर कधी पत्ते न खेळलेले आजोबा मोबाइलवर रमीत पैसे घालवू लागले, की घरात त्याला स्वभाव म्हणतात, लपवतात, भांडतात. गोळीवर संशय जात नाही. म्हणून गोळी सुरू करतानाच शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारे शुभंकर दोघांनाही हे सांगायला हवं. डोस कमी केला की बहुतेकांचा हा नाद ओसरतो, मात्र गोळी एकदम तोडली तर घाबरेपणा, घाम, उदासी येते. ती उतरवायची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू.