पाडलं कधी आणि पडला कधी: ट्रिपच्या नियमाची पार्श्वभूमी

कुंडलच्या मैदानात गडी टांगेवर खाली आला म्हणून कुस्ती निकाली होत नाही. पाठ मातीला टेकेपर्यंत वरच्याला राबावं लागतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळातल्या ट्रिपचं, म्हणजे समोरच्याला पाडण्याच्या डावाचंही तेच. पाडणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे पडलेल्यावर मिळणारा जादा वार, आणि तो नेमका कोणत्या क्षणी मिळतो यावर वाद आहे. सांगली-मिरजेच्या टेबलावर त्यात भाषेची भर पडते: नियम दोन, पण दोन्हींना आपण 'फुकट वार'च म्हणतो.

१९७९ च्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात झोंबाझोंबी आणि लोळवणं यांचे वेगळे, किचकट तक्ते होते. खेळण्याजोगी ट्रिप आली ती २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत. आधी टच अटॅक, म्हणजे चिलखत-ढाल धरायची नाही. तो लागला की दोघांनी डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायचा आणि त्यात मिळवायची पाडणाऱ्याची स्ट्रेंग्थ (ताकद), समोरच्याची स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई), जी जास्त असेल ती. आकार मध्यमपेक्षा एक पायरी मोठा की +४, दोनाहून जास्त पाय की आणखी +४. त्यामुळे घोड्याला पाडायला गेलेला बहुधा स्वतःच आपटतो, कारण डाव फसला की समोरच्याला लगेच उलटा डाव टाकता येतो. हत्याराने ट्रिप केली असेल तर ते हातातून सोडून वाचता येतं; रिकाम्या हाताला ती सोय नाही.

२००३ च्या ३.५ आवृत्तीने उठणं महाग केलं. उठायला मूव्ह अ‍ॅक्शन (फेरीतली हालचालीची पाळी) आधीही जात होती, आता शेजारच्या शत्रूंना अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी (एओओ), म्हणजे गडी उघडा पडताच आपली पाळी नसताना करायचा वार, मिळू लागला. दहा फुटांवरही आणि अगदी जवळही चालणारी स्पाइक्ड चेन (काटेरी साखळी) त्यानंतर आणखीच भाव खाऊ लागली.

इथेच ते दोन 'फुकट वार' वेगळे करायला हवेत. पहिल्याला जोडवार म्हणू. तो इम्प्रूव्ह्ड ट्रिप या फीटमधून, म्हणजे पात्रासाठी निवडायच्या खास कौशल्यातून, येतो (इंटेलिजन्स १३ आणि कॉम्बॅट एक्स्पर्टीज हे फीट आधी हवं). गडी पडला की जणू ट्रिपमध्ये वार खर्चच झाला नाही असं धरून तोच वार पुन्हा मिळतो, त्याच बोनसने, म्हणजे फाशात मिळवायच्या त्याच आकड्याने. सहाव्या लेव्हलच्या फाइटरचे (योद्ध्याचे) फेरीतले वार +६ आणि +१. दुसऱ्या वाराने पाडलं तर जोडवारही +१ नेच. इथे +६ धरणारे पुष्कळ भेटतात. दुसरा तो उठवार, म्हणजे गडी उठताना मिळणारा एओओ. तो पूर्ण +६ ने, पण कॉम्बॅट रिफ्लेक्सेस हे फीट नसेल तर फेरीत एकच. जोडवार या हिशेबात धरायचाच नाही.

दोन्ही वेळा गडी प्रोन (जमिनीवर पडलेला) असतो, म्हणून जवळच्या वाराला त्याचा एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, ४ ने उतरतो. एसी १८ असेल आणि वार एकूण +९ चा असेल तर एरवी फाशावर ९ लागतात, आता ५ पुरतात: ६० टक्क्यांवरून ८० टक्के.

मग हुशार खेळाडू विचारतो, उठवारात पुन्हा ट्रिप केली तर? काही होत नाही. एओओ हा उठण्याच्या आधी सोडवायचा असतो, गडी अजून जमिनीवरच असतो, आणि पडलेल्याला पाडता येत नाही. अधिकृत खुलासाही हाच आला. तरी कित्येक डीएम ही मुभा देतात आणि मग खलनायक अख्खी लढाई उताणा.

३.५ वरच बेतलेल्या २००९ च्या पाथफाइंडर या खेळाने हे फीट चिरलं. इम्प्रूव्ह्ड ट्रिपकडे +२ उरले, जोडवार ग्रेटर ट्रिपकडे गेला आणि तोही एओओ बनून. नंतरच्या खुलाशात क्रम ठरला: ट्रिप यशस्वी, मग एओओ, मग गडी प्रोन. म्हणजे मार बसतो तेव्हा तो अधांतरी, एसीतला -४ नाही. शब्दाला धरून हे बरोबर असेल, पण दोन फीट खर्चून पाडणाऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतला हे खरंच. भरपाई एवढीच की आता शेजारच्या साथीदारांनाही वार मिळतो.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने भांडणाचं मूळच काढलं. एका वाराच्या बदल्यात ढकलायचं, पाच फुटांतल्यांना प्रोनवर दोन फाशांतला मोठा आकडा घ्यायचा अ‍ॅडव्हान्टेज, लांबून बाण मारणाऱ्याला उलट लहान आकडा घ्यायचा डिसअ‍ॅडव्हान्टेज, उठायला निम्मा वेग. उठवार नाही.

पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत उठवार आहे, पण जागा न सोडणाऱ्या हालचालीवरची, दुसऱ्याच्या पाळीत करायची रिअ‍ॅक्शन ती हालचाल संपल्यावर येते. म्हणजे इथे गडी आधी उभा राहतो, मग मार खातो, आणि पडलेल्याला लागू असलेला एसीतला -२ तोवर निघून गेलेला असतो. त्या रिअ‍ॅक्शनमध्ये फक्त साधा वार करता येतो, ट्रिप नाही. नाहीतर या क्रमात तो पुन्हा पडलाच असता.