अश्वगंधेला ‘ताण’ कधी चिकटला?

अश्वगंधेच्या डबीवर ‘ताण घालवते’ असं ठळक छापलेलं असतं आणि खाली ‘हजारो वर्षांची परंपरा’. दोन्ही ओळी खेटून बसल्या असल्या तरी त्यांच्या वयांत बरंच अंतर आहे.

चरकसंहितेत अश्वगंधा (मराठीत आस्कंद) येते ती बल्य आणि बृंहणीय गणांत, म्हणजे ताकद देणारी, अंग भरून आणणारी म्हणून. अष्टांगहृदयातला श्लोक तर फारच देखणा आहे: दूध, तूप, तेल किंवा कोमट पाण्याबरोबर पंधरा दिवस घेतली, तर पावसानं कोवळं पीक तरारावं तसं कृश माणसाचं शरीर पोसतं. सोळाव्या शतकातला भावप्रकाश हा वैद्यकग्रंथ ती सूज, क्षय, वात-कफ यांवर चालते असं सांगतो. या वर्णनांमधून डोळ्यांपुढे उभा राहतो तो खंगलेला माणूस, काळजीनं पोखरलेला नव्हे. ओल्या मुळाला घोड्याचा वास, म्हणून हे नाव. झोपेशी नातं युरोपातल्या नामकरणात दिसतं: वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये तिला ‘सोम्निफेरा’, म्हणजे झोप आणणारी, म्हटलं.

‘ताण’ ही शरीरशास्त्रातली कल्पनाच मुळी विसाव्या शतकातली. 1936 मध्ये संशोधक हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, इजा, विषारी औषधं असे वेगवेगळे त्रास दिले. परिणाम मात्र तेच दिसले: अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या) सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. पुढे साखळी उलगडली: मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला हाक देतो, पिट्युटरी अधिवृक्काला, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं.

वनस्पती आणि ताण यांच्यातला दुवा जोडला सोव्हिएत संशोधकांनी. निकोलाय लाझारेव यांनी 1947 मध्ये ‘अ‍ॅडॅप्टोजेन’ (शरीराला ताण सोसायला मदत करणारा पदार्थ) हा शब्द काढला, तोही एका कृत्रिम औषधाच्या अभ्यासातून! त्यांच्यानंतर ब्रेखमान यांनी तो जिनसेंग या औषधी मुळाच्या कुळातल्या वनस्पतींना लावला. भारतीय औषधशास्त्रज्ञांनी मग ‘अ‍ॅडॅप्टोजेन’ ठरवणाऱ्या चाचण्या अश्वगंधेवर केल्या: उंदरांना पाण्यात पोहायला लावायचं आणि ते किती वेळ टिकतात ते पाहायचं. ‘बल्य’चं ‘ताणरोधक’ असं भाषांतर इथे झालं, असं मला वाटतं.

माणसांवरच्या चाचण्या बऱ्याच नंतरच्या. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वारंवार उद्धृत होणाऱ्या भारतीय चाचणीत 64 जण होते. मुळाचा अर्क रोज 600 मिलिग्रॅम, 60 दिवस. रक्तातलं कॉर्टिसॉल सुमारे 28 टक्क्यांनी घटलं. पुढे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आल्या, आणि 2023 मध्ये डेन्मार्कनं अश्वगंधेवर बंदी घातली.