फ्रीझिया आणि ग्लॅडिओलस : सारखे कंद, उलटे ऋतू

फ्रीझिया आणि ग्लॅडिओलस ही दोन्ही फुलझाडे आयरिसच्या कुळातील आहेत, दोन्ही कंदापासून वाढतात आणि उगवून आल्यावर दोन्हींची पाने उभी, टोकदार व पंख्यासारखी मांडलेली दिसतात. त्यामुळे ग्लॅडिओलस लावण्याची सवय असलेले बागकामप्रेमी फ्रीझियालाही तीच वागणूक देतात, आणि कंद उगवलेच नाहीत किंवा पाने भरपूर येऊनही फुले आली नाहीत, की कंद निकृष्ट होते असे समजतात. अशा वेळी दोष बहुधा ऋतूच्या निवडीत असतो, कारण या दोन झाडांच्या सुप्तावस्थेचा काळ एकमेकांच्या नेमका उलट आहे.

फ्रीझियाच्या रानटी जाती प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील आहेत. तेथील बऱ्याच भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणून हे झाड थंडीच्या तोंडावर उगवते, हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात फुलते आणि उन्हाळाभर जमिनीखाली सुप्त राहते. ग्लॅडिओलसच्याही काही केप जाती अशाच वागतात. परंतु बागांमध्ये दिसणारे मोठ्या फुलांचे संकर मुख्यतः उन्हाळी पावसाच्या प्रदेशातील जातींपासून तयार झालेले असल्यामुळे ते उबेत वाढतात आणि थंडीत विश्रांती घेतात.

साठवणुकीतील चुका नेमक्या येथूनच सुरू होतात. ग्लॅडिओलसची पाने पिवळी पडू लागल्यावर कंद काढून, दोन-तीन आठवडे उबदार व हवेशीर जागी वाळवून, खालचा सुकलेला जुना कंद वेगळा करावा आणि नवा कंद ५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा, ही पद्धत योग्यच आहे. फ्रीझियाची सुप्तावस्था मात्र उष्णतेने मोडते. त्याच्या कंदांना सुमारे २८ ते ३० अंशांत १० ते १३ आठवडे काढावे लागतात, आणि हाच काळ थंडीत गेला तर कोंब फुटण्याऐवजी जुन्या कंदावरच नवा लहान कंद तयार होऊन एक अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो. फ्रीझियाचे कंद काळजीपोटी शीतकपाटात ठेवणे यासाठीच टाळावे.

लागवडीनंतर हे नाते उलटते. फ्रीझियाला काही पाने आल्यावर फुलदांडा धरण्यासाठी १२ ते १५ अंशांचा गारवा हवा असतो. माती सतत गरम राहिली तर कळ्या धरायला उशीर होतो, आणि कळ्या धरल्यानंतर अचानक उकाडा वाढला तर दांड्यावरील खालची फुले एकमेकांपासून लांब विखुरतात. गंमत अशी की या विकृतीला व्यावसायिक उत्पादक ग्लॅडिओलसचेच नाव देतात. ग्लॅडिओलसला अशा गारव्याची अट नाही. कंद लावल्यापासून साधारणपणे ७० ते १०० दिवसांत तो फुलतो, त्यामुळे दर दोन आठवड्यांनी थोडे थोडे कंद लावून बहर लांबवता येतो.

कंद हातात घेतल्यावर ते ओळखणे अवघड नाही. फ्रीझियाचा कंद लहान, निमुळता आणि जाळीदार तंतूंच्या आवरणाचा असतो, तर ग्लॅडिओलसचा मोठा, चपटा आणि कागदी तपकिरी सालीचा असतो. पहिला टोक वर ठेवून सुमारे ५ सेंटीमीटर खोल आणि ५ ते ८ सेंटीमीटर अंतरावर लावावा. दुसऱ्याला १० ते १५ सेंटीमीटर खोली लागते, कारण त्याच्या उंच, जड दांड्याला मातीचा आधार हवा असतो. कुंडीसाठी मी निःसंशय फ्रीझियाची शिफारस करेन, मात्र त्याच्या बारीक, लवचिक दांड्यांना काटक्यांचा व दोऱ्याचा आधार सुरुवातीपासूनच द्यावा.

फुले आल्यावर गोंधळ उरत नाही. फ्रीझियाचा दांडा कळ्यांजवळ जवळजवळ काटकोनात वळतो आणि त्याच्या वरच्या बाजूने फुले उभी राहतात; ग्लॅडिओलसचा दांडा सरळ असतो. फ्रीझियाच्या सुगंधात लिनालूल हा घटक प्रमुख असतो, बागेतील बहुतेक ग्लॅडिओलसना मात्र वास नसतो.

दोन्हींना उत्तम निचरा लागतो आणि दोन्ही फ्लोराइडला संवेदनशील आहेत. पानांची टोके करपू लागली तर पाण्याच्या कमतरतेबरोबरच सुपर फॉस्फेटचाही संशय घ्यावा, कारण त्या खतात फ्लोराइड असू शकते. ग्लॅडिओलसवर फुलकिड्यांचा उपद्रव विशेष होतो, पाने व पाकळ्यांवर रुपेरी चट्टे पडतात, आणि हे किडे साठवलेल्या कंदांवरही टिकून राहतात.

पाणी कधी तोडायचे, यातही फरक आहे. फ्रीझियाला फुले संपल्यानंतरही पाने हिरवी असेपर्यंत पाणी द्यावे, कारण नवा कंद याच काळात भरतो. पाने पिवळी पडल्यावर मात्र ते पूर्ण थांबवावे. उन्हाळ्यात पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे कंद जमिनीत ठेवले तर कुजण्याचा धोका असतो, म्हणून ते काढून कोरड्या, उबदार जागी ठेवावेत. बाजारात उष्णतेची प्रक्रिया केलेले फ्रीझियाचे कंदही मिळतात. ते वसंतात लावल्यास उन्हाळ्यात फुलतात, परंतु ही सोय त्या एका हंगामापुरतीच असते आणि पुढे ते पुन्हा हिवाळी वाढीकडे वळतात.